मुदतीचा मुद्दा

औशाच्या कोर्टात जिन्याखाली सिमेंटचा एक कट्टा होता. आई त्यावर बसली होती, आणि मी तिची उजळणी घेत होते.

"कधी कळलं तुला?"

"रोडची मोजणी आली तवा."

"कसं कळलं?"

"उताऱ्यावर माझं नाव नव्हतं. तू वाचून दाखवलंस."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी काही नाही." पाढे म्हणणाऱ्या पोरीसारखं तिनं एका दमात सांगून टाकलं आणि मग आपला नेहमीचा प्रश्न काढला. "आज अण्णा बोलणार का?"

"आज तुझंच आहे. मामाचा नंबर नंतर."

"नंतर मंजे कधी?"

मी एसटीत कंडक्टर. 'गाडी कधी सुटणार' या प्रश्नाची मला सवय होती, पण आईच्या या प्रश्नाला माझ्याकडे टाइमटेबल नव्हतं. दावा लावल्यापासून दर तारखेला ती हेच विचारत आली होती. जमिनीचं काय होणार, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मन्मथमामा. तो समोरच्या लिंबाखाली पांढरं धोतर सावरून बसला होता. आमच्यात पंधरा-वीस पावलांचं अंतर असेल. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती, आणि बघत नसल्याचं दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. ही दोघं आता नाहीत. म्हणून हे सांगताना कुणाची परवानगी घ्यायचं कारण उरलेलं नाही.

गिरवलकर वकील काळा कोट झटकत आले. ते आमचे. माणूस चांगला, फक्त सारखा घाईत.

"नागरबाई, तयार ना? आज नुसता मुदतीचा मुद्दा. समोरच्यांनी प्राथमिक हरकत घेतलीय, दावा मुदतीत नाही म्हणून. तर फसवणूक झाली का नाही झाली, ते साहेब आज बघणारच नाहीत. तुम्हाला ती कळली कधी, एवढंच बघणार. कळल्यापासून तीन वर्षांच्या आत कोर्टात यावं लागतं. आपण आलोय. उतारा काढला आणि लगेच आलो. एवढं सांगितलं की झालं."

आई विचार करत होती. "मंजे कधी कळलं ते आधी विचारायचं, आन काय कळलं ते मागून?"

"बरोबर."

"उलटंच हाय की, वकीलसाहेब."

"कायदा असाच असतो. पाहुणा मुळात दारातून आत घ्यायचा का, ते आधी ठरतं. तो काय सांगायला आलाय, ते आत घेतल्यावर."

"आन दारातूनच लावून दिला तर?"

"तुम्हाला कोण लावून देतंय?" गिरवलकर हसले आणि जिना चढून गेले.

मूळ प्रकार असा. आईचं माहेर कवठेवाडी, औशापासून जवळच. आजोबांना, आईच्या अप्पांना, ही दोनच लेकरं. अप्पा गेले त्या उन्हाळ्यात मामानं आईला औशाला बोलावून घेतलं. "वारसाची नोंद लावायचीय, तुझी सही लागती." आई तिसरीपर्यंत शिकलेली. सही करायची, पाटी वाचायची, पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली ती लांबलचक भाषा तिला कुठून कळणार? मामानं बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. परतताना मामानं तिला लुगडं घेतलं. बाप गेल्यावर भाऊ बहिणीला दुखवट्याचं लुगडं घेतोच, त्यामुळे आईला त्यात वावगं काही दिसलं नाही. आमच्याकडे बहिणीनं हक्क सोडला की त्या दिवशीही भाऊ लुगडं घेतो. लुगडं दोन्हीकडे सारखंच असतं. हे कशाचं आहे, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

पुढे दहा-बारा वर्षांनी रस्ता रुंद करायची मोजणी आली. गावात सगळ्या खातेदारांना नोटिसा मिळाल्या. आईला मिळाली नाही. मी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जाऊन उतारा काढला, तर त्यावर एकट्या मामाचं नाव. खोदत खोदत गेले तेव्हा हक्कसोडपत्र हाती लागलं. 'वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा मी राजीखुशीने भावाच्या लाभात सोडून देत आहे', आणि खाली आईची ती वाकडी सही, नागरबाईमधल्या 'ई'चं शेपूट ओळीबाहेर गेलेलं.

मी घरी येऊन तिला ते वाचून दाखवलं. ती मांडीवर परात घेऊन ऐकत होती. "असं का," म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली. मला वाटलं, धक्का बसलाय. माणसाला धक्का बसला की तो असाच वागतो, हे मी कुठंतरी ऐकलं होतं.

मग माझंच डोकं फिरलं. वडील आदल्या वर्षी गेले होते, आई लातूरला माझ्याजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. बापाच्या रानातला अर्धा वाटा असलेली बाई लेकीच्या दारात, आणि वर लोक म्हणणार लेक किती गुणाची. मला गुणाची व्हायचं नव्हतं, मला तिचं नाव उताऱ्यावर लागलेलं बघायचं होतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरात शहाणं कुणी नव्हतं.

गिरवलकरांच्या कचेरीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "कधी कळलं?" आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "परवा. मी उतारा काढला तेव्हा." त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर आईनं तोंड उघडलं.

"अण्णाला विचारणार का?"

"काय विचारायचं?"

"त्या दिवशी कागदात काय लिवलंय ते त्याला ठावं होतं का. का त्यालाबी कुणीतरी गंडवलं."

मी तिथल्या तिथं हसले. कागद कुणाच्या फायद्याचा झालाय, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण गिरवलकर हसले नाहीत. म्हणाले, "विचारणार की. पिंजऱ्यात उभं करणार आणि शपथेवर विचारणार."

"शपथेवर?"

"शपथेवर."

"मग लावा दावा," आई म्हणाली. सही करायच्या आधी तिनं सगळा कागद माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला.

शिपायानं पुकारा केला. "नागरबाई भ्रतार काशिनाथ खानापुरे." आई उठली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि वर गेली. मी मागच्या बाकावर बसले. मामाही आत येऊन पलीकडच्या बाकावर बसला. म्हातारा झाला होता. हातातली काठी कुठं ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

आईनं ईश्वराची शपथ घेतली. गिरवलकरांचं काम लवकर उरकलं, कारण तिचं म्हणणं आधीच लेखी दिलेलं होतं. मग मामाचे वकील उठले. टेंकाळे त्यांचं नाव. मला वाटलं होतं हा माणूस ओरडेल, बोट नाचवेल. मी आईला त्यासाठीच तयार केलं होतं. टेंकाळेंचा आवाज देवळात बोलावं तसा होता.

"आई, उभं राहवतंय ना? खुर्ची देऊ का?"

"नको. बरी हाय मी."

"माहेराला जाणं-येणं असतं का?"

"होतं की."

"वेळ अमावस्येला जायचात?"

आईचा चेहरा बदलला. दोन वर्षं कोर्टात खेटे घालत होतो, पण तिला कळेल असं तिथं पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. "लग्न झाल्यापासून एक अमावस्या चुकवली नव्हती. दावा लावूपतोर."

"साहेबांना जरा सांगा की काय असतं ते. साहेब विदर्भातले आहेत, त्यांच्याकडे नसते ही अमावस्या."

गिरवलकर अर्धे उठले. "साहेब, याचा मुद्द्याशी काय संबंध?"

साहेब तरुण होते आणि सकाळपासून बांधाच्या खाणाखुणांची भांडणं ऐकून कंटाळले असावेत. "येऊ द्या, बघू," ते म्हणाले.

आणि आई सांगायला लागली. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, कशी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून कसे मांडायचे, भज्जीत कुठली कुठली डाळ आणि पाला पडतो, बाजरीचे उंडे कसे वळायचे. टायपिस्ट हात थांबवून ऐकत होता. मी बाकावरून तिच्याकडे बघत होते आणि मला अभिमान वाटत होता. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या बायका रडतात किंवा गप्प होतात, आणि माझी आई न्यायाधीशाला भज्जी शिकवत होती.

"मग दुपारी चर शिंपायचा," ती म्हणाली. "मंजे आंबिलीचं बिंदगं घ्यायचं आन रानाच्या कडंकडंनं पिकावर आंबील शिंपत फिरायचं."

"बिंदगं म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"घागर म्हणा की."

"कोण शिंपतं?" टेंकाळेंनी हळूच विचारलं.

"ज्याचं रान त्यानं. पाव्हण्यानं कोपीत बसून जेवायचं. दुसरीकडचं ठावं नाही, आमच्या घरची रीत तशीच हाय. ज्याचा वाटा त्याचाच हात बिंदग्यात."

"तुमचा हात असायचा?"

"असायचा की. लहानपणापून. लग्न झाल्यावर वैनी म्हणली, वन्सं आता पाव्हण्या. तर अप्पा तिच्यावर खेकसले, लेक काय पाव्हणी असती का म्हणून. मग मी आन अण्णा दोघं मिळून शिंपायचो."

"छान. शेवटचं कधी शिंपलं?"

इथं मला कळलं. साहेबांनाही कळलं असावं, कारण ते खुर्चीत पुढे सरकले. गिरवलकर काहीतरी बोलायला लागले होते, त्यांना साहेबांनी हातानं बसवलं.

टेंकाळेंनी रस्ता सरळ आखला होता. आई दरसाल शिंपत असेल, तर वाटा आपला आहे असंच ती समजत होती, आणि दावा मुदतीत. ती मध्येच कधी थांबली असेल, तर त्याच दिवशी तिला सगळं कळलेलं होतं, आणि दावा मुदतीबाहेर. पण थांबायचं तिला काय कारण होतं? दावा लावायच्या आदल्या अमावस्येपर्यंत शिंपलं, एवढं एक वाक्य पुरत होतं. मी स्वतः बघितलेलं नव्हतं. वेळ अमावस्येला सगळा मुलूख रानात जातो, गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, आणि नोकरी लागल्यापासून त्या दिवशी मी कायम ड्युटीवर. पण ती शिंपत असणारच, असं मी धरून चालले होते. ते मला विचारावंसुद्धा वाटलं नव्हतं.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती मामाकडे बघत होती.

"विहिरीला पाणी लागलं त्या साली थांबले," ती म्हणाली.

"विहीर म्हणजे गावाकडची, मन्मथ बिराजदारांची?"

"होय."

"दावा लावण्याच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट ना ही? विहिरीची नोंद आहे, साहेब, ती मी दाखल केलेली आहे."

"आसल."

"का थांबलात?"

"वाटा सुटल्यावर बिंदग्यात हात घालू नाही."

"वाटा सुटला, हे कुणी सांगितलं?"

"वैनीनं. मी हात घालायला गेले तर तिनं बिंदगं पलीकडं घेतलं. म्हणली, वन्सं, तुम्ही कागद करून सोडून दिलाव की. आता बसून जेवा."

"मग तुम्ही काय केलं?"

"बसले. जेवले."

"झालं, साहेब," टेंकाळे म्हणाले, आणि आईला नमस्कार करून खाली बसले.

साहेबांनी टायपिस्टला सांगितलं. मला शब्द ऐकू येत होते. 'मी माझ्या हिश्शाचा हक्क सोडल्याबाबतचा दस्त झाल्याचे मला विहिरीस पाणी लागले त्या वर्षी माझ्या भावजयीकडून समजले.' बसले, जेवले, हे काही त्यात आलं नाही.

गिरवलकरांनी शेवटचा प्रयत्न केला. "नागरबाई, भावजय रागानं काहीतरी बोलली असेल. कागद कसला, कधी झाला, हे काही तुम्हाला नीट कळलेलं नव्हतं ना तेव्हा?"

टेंकाळे हरकत घ्यायला उठले, पण त्याची गरज पडली नाही.

"कळलं होतं," आई म्हणाली.

बाहेर आल्यावर गिरवलकरांनी फाईल बगलेत मारली. ते आईला टाळून मला म्हणाले, "आपल्याच माणसानं पायावर धोंडा पाडून घेतला तर वकील काय करणार?" आणि दुसऱ्या कोर्टात त्यांचा पुकारा झाला म्हणून गेले.

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाटही बघितली. गर्दीच्या गाडीत उभ्या उभ्या पाय बधिर होतात, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीसं झालं होतं. कोर्टासमोरच्या हॉटेलात जाऊन मी चहा सांगितला. आईनं पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि माझ्यापुढं अर्धी भाकरी ठेवली. मी ती खाल्ली. चव लागली नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हं."

"मी वाचून दाखवलं तेव्हाही माहीत होतं."

"हं."

"मग वकिलाकडे गप्प का बसलीस?"

"मला कुठं विचारलंस? त्यांनी विचारलं, आन तूच सांगितलंस. एवढ्या हौसेनं सांगितलंस. मी म्हणलं, आसल कायद्यात तसं."

चहा आला. तिनं बशीत ओतला, फुंकर घातली.

"आणि तेव्हा? मामीनं घागर बाजूला घेतली तेव्हा? मामा तिथं होता ना?"

"होता की. बिंदगं तिनं त्याच्याच डोईवरनं काढून घेतलं. ती बोलली तवा तो पलीकडं बघत होता. तुरीकडं."

"मग त्याला तिथंच का नाही विचारलंस, की कसला कागद, मी कधी सोडलं?"

आईनं बशी खाली ठेवली. "विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की."

मला समजेना. "मग तेच तर पाहिजे होतं."

"तुला पाहिजे असल." तिनं बशी परत उचलली. "हे बघ उमा, वैनी कशी होती तुला ठावं हाय. तिचा भाऊ कचेरीत कामाला. मला वाटायचं, त्या दोघांनी केलं असल. अण्णा लिवण्या-वाचण्यात माझ्यासारखाच. त्याला म्हणले असतील, इथं बहिणीची सही घे, आन त्यानं घेतली. विचारलं नाही तवर मला तसं म्हणता येत होतं. दरसाल जायचं, जेवायचं, त्यानं उंडा वाढला की घ्यायचा, आन मनाशी म्हणायचं, ह्याला ठावं नसल. तुझ्या बापालाबी सांगितलं नाही. त्यांनी जाऊच दिलं नसतं मला."

"आणि मग दावा कशाला लावू दिलास?"

"वकील म्हणले, शपथेवर विचारू. घरात विचारलं तर माणूस काहीबी सांगतो. शपथेवर अण्णा खोटं बोलणार नाही." तिनं भाकरीचा कोर मोडला. "मला वाटलं, एकदा कळू दे. आता किती दिस राहिलेत?"

"आई, तू आज फक्त 'शिंपलं' म्हणाली असतीस ना, तर दावा पुढं गेला असता. मामाला पिंजऱ्यात यावंच लागलं असतं. त्याला शपथेवर विचारता आलं असतं."

"ते कळलं की मला तिथं."

"कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? तो वकील एवढा गोड बोलायला लागला तवाच कळलं." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "त्यानं शपथेवर खरं बोलावं म्हणून मी आले, आन मीच शपथेवर खोटं बोलू?"

त्या वेळी मला एवढंच सुचलं की टेंकाळेंना बिंदग्याचं कुणीतरी सांगितलेलं होतं. मामी तर केव्हाच गेली होती. त्या अमावस्येला बहीण हात मागं घेऊन कोपीत जाऊन बसली, ते वर्षसुद्धा मामाच्या ध्यानात होतं. तुरीकडं बघत होता, तरी ध्यानात होतं. हे मी आईला सांगितलं नाही. तिलाही ते सुचलं असणार. दोघी आपापली भाकरी खात राहिलो.

निकाल पुढच्या तारखेला झाला. गिरवलकरांनी मला निकालाचा कागद दिला, वरच्या कोर्टात जायचं तर त्यालाही मुदत आहे, फार दिवस लावू नका, असं बजावलं. जिन्याखालच्या कट्ट्यावर मी आईला वाचून दाखवलं. वादीस तथाकथित फसवणुकीची माहिती सदर वर्षीच झाली होती. दावा मुदतबाह्य असल्याने फेटाळण्यात येतो.

"आन फसवणुकीचं काय लिवलंय?"

"तथाकथित लिहिलंय."

"मंजे?"

"म्हणजे ती झाली असं तू म्हणतेस, एवढंच."

"झाली का नाही, ते?"

मी शोधलं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं. "प्राथमिक मुद्द्याचा निष्कर्ष पाहता इतर मुद्द्यांत जाण्याचे कारण उरत नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मला परत दिला. म्हणाली, "चल, गाडी गाठू."

आम्ही फाटकाबाहेर थांब्यावर उभ्या होतो. लातूरची गाडी यायची होती. भाजीवाल्या बायका, शाळेची पोरं, दोन-चार पक्षकार, अशी नेहमीची गर्दी होती. मामा काठी टेकत आमच्याकडे येताना दिसला. टेंकाळे त्याच्याबरोबर नव्हते. मी तोंड फिरवलं. आई तशीच उभी राहिली.

"नागर," मामा म्हणाला. "जेवलीस का?"

"जेवले."

"ऊन लई पडलंय." त्यानं रस्त्याकडे बघितलं. "झालं ते झालं. कोर्टकचेरी मंजे वकिलांची चैन. तू मनात धरू नको. औंदा अमावस्येला ये. पोरगी बी येऊ दे. तुझं माहेर काय कुणी पळवलं नाही."

मला वाटलं, आता तरी आई काहीतरी तोडून बोलेल. निदान मी तरी बोलावं. पण मला पुन्हा तेच झालं, पाय बधिर झाल्यासारखं. मी गाडीची पाटी लांबून वाचायचा प्रयत्न करत होते.

"अण्णा," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, रडवेला नव्हता. पाणी मागावं तसा होता. "एक विचारू?"

"इचार की."

"औशाला सही घ्यायला नेलंतास मला, त्या दिवशी कागदात काय लिवलंय ते तुला ठावं होतं का?"

मामानं काठी या हातातून त्या हातात घेतली. शेजारची भाजीवाली टोपलीवर हात ठेवून ऐकायला लागली होती. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. इतकी वर्षं तिनं जपून न विचारलेलं ते एवढंच होतं, आणि 'नव्हतं' म्हणायला त्याला काही मोल पडत नव्हतं. निकाल त्याच्या खिशात होता. तो 'नव्हतं' म्हणाला असता, तर तिनं त्यावर विश्वास ठेवला असता. मला खात्री आहे. ती गाडीत बसून सुखानं घरी आली असती, आणि पुढच्या अमावस्येला धपाटे बांधून गेली असती.

मामाचे ओठ हलले. मग तो खाली, आपल्या पायातल्या चपलांकडे बघत म्हणाला, "लई वर्षं झाली त्याला, नागर."

आईनं मान हलवली.

"होय," ती म्हणाली. "साहेबबी हेच म्हणले."